शांत गल्ली कोणाच्या हिशेबात?

विलेपार्ले पूर्वेला, मुलुंडला किंवा गोरेगावच्या जुन्या भागात घर शोधायला निघालेल्या माणसाला दलाल जी कारणे सांगतो, त्यांत ‘गल्ली एकदम शांत आहे’ हे कारण हमखास असते, आणि त्या शांततेची किंमत चौरस फुटाच्या दरात आधीच धरलेली असते. व्यवहाराच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मात्र विकणारा जे विकतो आहे ते त्याच्या मालकीचे नाही, ही गोष्ट त्या व्यवहारात कोणाच्याच लक्षात येत नाही. गल्ली शांत असते ती तिच्यातल्या सगळ्या इमारतींमुळे, त्यांच्यामध्ये सोडलेल्या मोकळ्या जागांमुळे, रस्त्याच्या रुंदीमुळे आणि तिथे किती माणसे व किती गाड्या राहतात यामुळे. एखाद्या इमारतीला आपल्या वाट्याची शांतता वेगळी काढून विकता येत नाही. तरीही गेली पंधरा-वीस वर्षे मुंबईच्या उपनगरांत नेमके हेच चालले आहे. प्रत्येक सोसायटी गल्लीच्या शांततेच्या जोरावर आपल्या भूखंडाचा भाव ठरवते, आणि तो भाव पदरात पाडून घेताना त्या शांततेचा एक तुकडा कायमचा काढून टाकते. हा तोटा कोणत्याही करारनाम्यात लिहिला जात नाही. तो लिहिला गेला पाहिजे आणि त्याची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेवर टाकली गेली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही शांतता म्हणजे काय ते पाहू, कारण तिच्याविषयी बोलताना बहुतेक जण एकदम स्मरणरंजनाकडे वळतात. पार्ल्याच्या आतल्या रस्त्यांवर निःशब्द असे कधीच नसते. पहाटे दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरतात, मग पेपरवाल्याची सायकल, मग शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांचे आवाज, दहाच्या सुमारास भंगारवाल्याची हाक, कुठल्यातरी तळमजल्यावर पेटीचा क्लास, संध्याकाळी देवळात भजनी मंडळ. त्यात विमानतळ उशाशी असल्यामुळे दर थोड्या वेळाने विमान डोक्यावरून जाते आणि फोनवर बोलणारा माणूस सवयीने वाक्य मध्येच थांबवतो. एवढे आवाज असूनही या भागाला लोक शांत म्हणतात, कारण हे आवाज एकेकटे ऐकू येतात. कुकरची शिट्टी कोणाच्या घरातली आहे हे ओळखता येते. जिन्यावरची पावले कोणाची हे दार उघडण्याआधी कळते. दुपारी दीड ते चार या वेळात वाणी आणि शिंपी दुकान अर्धे ओढून घेतात, तेव्हा समोरच्या आंब्यावरचा तांबट टुकटुक करतो तेही कानावर येते. हायवेला लागून राहणाऱ्या माणसाला या सगळ्याऐवजी एकच सलग घरघर ऐकू येते, आणि तिच्यावर मात करण्यासाठी त्याला स्वतःचा टीव्ही मोठा करावा लागतो.

आवाज वेगळे ऐकू येण्याचा एक सामाजिक परिणाम आहे, आणि मला तो शांततेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ज्या गल्लीत आवाज ओळखीचे असतात तिथे अनोळखी आवाजाकडे लक्ष जाते. दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींचा रेडिओ सकाळी लागला नाही, तर शेजारची बाई बेल वाजवून बघते. मूल रस्त्यावर रडले तर तीन खिडक्या उघडतात. पाळत ठेवायला कॅमेरा आणि वॉचमन ठेवता येतो, पण त्या खिडक्या उघडण्याची सोय कोणत्याही देखभाल खर्चात बसत नाही.

ही वस्ती आपोआप उगवलेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या चाळींत माणसे पटापट मेली आणि त्या धक्क्यातून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्याच प्रयत्नातून आल्या. घराला दोन्ही बाजूंनी वारा आणि ऊन मिळाले पाहिजे, रस्त्याकडेला झाडे पाहिजेत, शाळा व मैदान चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे, ही कल्पना तेव्हा आरोग्याची गरज म्हणून मांडली गेली होती. १९१५ साली नगररचना कायदा झाला आणि साष्टीतल्या, म्हणजे आजच्या उपनगरांच्या, शेतजमिनींवर नगररचना योजना आखल्या जाऊ लागल्या. सांताक्रूझ, पार्ले, बोरिवली या भागांत अजूनही ‘टीपीएस रोड’ असे पत्ते सापडतात, ते या योजनांचे अवशेष आहेत. त्याच १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आणि स्वतः जमीन घेऊन, स्वतः नियम करून घर बांधण्याची रीत मध्यमवर्गाला सापडली. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेवरची गाडी धावली, १९२८ साली पश्चिम मार्गावर ती बोरिवलीपर्यंत पोचली, आणि गिरगावातल्या दोन खोल्यांत वाढणारी कुटुंबे उत्तरेकडे सरकू लागली. पार्ल्यात तोवर टिळक विद्यालय आणि लोकमान्य सेवा संघ सुरू झाले होते. १९५० आणि १९५७ साली महापालिकेच्या हद्दी आधी उपनगरांपर्यंत आणि मग दहिसर-मुलुंडपर्यंत वाढल्या.

या इतिहासात मला एक गोष्ट ठळक दिसते. रस्ता किती रुंद ठेवायचा, भूखंडाचा किती भाग मोकळा सोडायचा, कोणत्या जागेवर मैदान राखायचे हे निर्णय प्रत्येक मालकावर सोडलेले नव्हते. नगररचना योजनेत मुळात सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढून, उरलेले भूखंड पुन्हा वाटून दिले जात. म्हणजे गल्ली आधी आखली गेली आणि घरे नंतर आली. आज आपण ज्याला ‘जुन्या पार्ल्याचा गोडवा’ वगैरे म्हणतो, त्याच्या मुळाशी कोणा अधिकाऱ्याने जाड कागदावर ओढलेल्या रेषा आहेत. गोडवा नंतर माणसांनी भरला.

हे लिहिताना या वस्त्यांची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणाला घर भाड्याने द्यायचे याविषयी या शांत सोसायट्यांचे अलिखित नियम ठरलेले असतात: मासे-मटण शिजवणारे नकोत, अविवाहित मुले नकोत, एकटी नोकरी करणारी मुलगी नको, अमुक धर्माचे वा जातीचे तर नकोतच. चौकशी ‘मूळ गाव कोणते’ या प्रश्नाने सुरू होते आणि आडनावावर संपते. ‘आपली शांत वस्ती’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा ‘आपल्यासारख्यांची वस्ती’ एवढाच असतो. शिवाय अलीकडे या गल्ल्यांतली काही शांतता ही निव्वळ रिकामेपणाची आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला गेली. मागे राहिलेल्या आईवडिलांच्या घरात दिवसभर कामवाल्या मावशींशी होईल तेवढेच बोलणे होते. ही शांतता जपावी असे कोणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. मी ज्या शांततेची बाजू मांडतो आहे ती खिडकी उघडी ठेवता येण्याची, आणि उघड्या खिडकीतून कोणाला तरी हाक मारता येण्याची आहे.

आता पुनर्विकासाकडे वळतो, कारण उपनगरातल्या कोणत्याही गप्पा आज तिथेच येऊन थांबतात. त्याला सरसकट विरोध करणारे लोक बहुधा तळमजल्यावर राहतात किंवा अशा इमारतींत राहतच नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांतल्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतींना लिफ्ट नाही. ज्यांनी पस्तिशीत तिसऱ्या मजल्यावर हौसेने घर घेतले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत आणि गुडघ्यांमुळे महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत. दवाखान्यात न्यायचे तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी खुर्ची उचलायची, प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करायची, आणि वळणावर ठेवलेल्या शेजाऱ्याच्या चपलांच्या रॅकला शिव्या द्यायच्या. स्लॅबच्या सळ्या गंजून फुगलेल्या, बाथरूमच्या छताचे पोपडे पडणारे, पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर मुंग्या येणारे. अशा घरात राहणाऱ्याला ‘वस्तीचा पोत जपा’ असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही. इमारती पाडून नव्या बांधाव्या लागणार, त्यात वाद नाही. वाद आहे तो निर्णय कोण घेतो आणि कशाचा हिशेब करून घेतो, याचा.

पुनर्विकासासाठी बोलावलेली विशेष सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, पीएमसीचा, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचा, माणूस लॅपटॉप उघडून बसतो आणि आलेल्या प्रस्तावांचा तुलनात्मक तक्ता वाचतो. प्रश्न ठरलेले असतात. चालू कार्पेटवर किती टक्के वाढीव क्षेत्र मिळणार, कॉर्पस म्हणजे सभासदाला मिळणारी एकरकमी रक्कम किती, दरमहा भाडे किती आणि दरवर्षी त्यात वाढ किती, दलाली व सामान हलवण्याचा खर्च कोण देणार, पार्किंग प्रत्येकी एक की दोन, बँक गॅरंटी कितीची. शेजारच्या सोसायटीला चार टक्के जास्त मिळाल्याची बातमी कोणीतरी आणलेली असते आणि त्यावर अर्धा तास जातो. हे सगळे प्रश्न रास्त आहेत; ज्याची आयुष्यभराची पुंजी एका घरात आहे त्याने ते विचारलेच पाहिजेत. परंतु नव्या इमारतीत एकूण किती कुटुंबे येतील, त्यांच्या गाड्या कोणत्या रस्त्यावरून बाहेर पडतील, गल्लीतली सांडपाण्याची वाहिनी केवढ्या व्यासाची आहे, मागच्या बाजूची आंब्याची आणि जांभळाची झाडे राहणार की जाणार, हे विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसतात. एखाद्याने झाडांचे विचारले तर ‘ते बीएमसी बघून घेईल’ असे उत्तर मिळते आणि सभा पुढे सरकते. २०१९ च्या शासननिर्णयानंतर एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. इमारतीतल्या अल्पमताची त्यात काही ना काही नोंद तरी होते. समोरच्या इमारतीत राहणाऱ्याला, ज्याचे ऊन जाणार आहे, विचारण्याची तरतूदच नाही.

हा दोष सभासदांच्या स्वार्थाचा मानण्याचे कारण नाही. नियमच त्यांना दुसरे काही पाहू देत नाहीत. उपनगरांत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, १ आहे. त्यावर शासनाला अधिमूल्य भरून आणि हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन, रस्त्याच्या रुंदीनुसार तो दुप्पट किंवा त्याहून अधिक करता येतो. त्यावर ३५ टक्के ‘फंजिबल’ नावाचे वाढीव बांधकाम मिळते, आणि सोसायटीच्या पुनर्विकासासाठी २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीत ३३(७)(ब) या नियमाखाली दर सदनिकेमागे १० चौरस मीटर किंवा विद्यमान बांधकामाच्या १५ टक्के, यांतले जे जास्त असेल तेवढे वाढीव क्षेत्रही मिळते. टीडीआर तर १९९१ च्या नियमावलीपासून आहे, आणि त्याची रचनाच अशी होती की हक्क जिथे निर्माण झाला त्याच वॉर्डात किंवा त्याच्या उत्तरेला वापरायचा. बेटावरच्या शहरातून निघालेला भार उपनगरांच्या गल्ल्यांत येऊन पडला तो या वाटेने. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली आणि उपनगर जिल्ह्याची ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या वर गेली, हे आकडे त्याच्या शेजारी ठेवून पाहावेत.

या सगळ्यात मला सर्वांत घातक वाटते ती एक तुलनेने छोटी सवलत. इमारतीभोवती जी मोकळी जागा सोडायची, ती सोडता येत नसेल तर अधिमूल्य भरून कमतरता क्षमापित करून घेता येते. म्हणजे दोन इमारतींमधला वारा आणि उजेड, ज्याच्यासाठी प्लेगनंतर एवढा खटाटोप झाला, तो आता पैसे भरून विकत घेऊन संपवता येतो. पार्किंगचा पोडियम, म्हणजे इमारतीखालचा पसरट चौथरा, कुंपणाच्या भिंतीपर्यंत येतो, खाली उघडी माती राहत नाही, आणि माती नसली की मोठे झाड उभे राहूच शकत नाही. पोडियमवरच्या कुंड्यांत लावलेला चाफा चार-पाच वर्षांनीही माणसाच्या उंचीचाच असतो. झाड तोडण्याच्या परवानगीत बदल्यात झाडे लावण्याची अट असते खरी, पण ती झाडे त्याच गल्लीत लागतील याची शाश्वती नसते. पार्ल्याला एक विचित्र संरक्षण आहे: विमानांच्या उड्डाणमार्गामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. ज्या विमानांनी कान किटवले त्यांनीच आकाश थोडे राखले, असा हा योग आहे. मुलुंड-बोरिवलीच्या बऱ्याच भागाला तेवढेही नाही.

आता समजा, एका गल्लीत बारा इमारती आहेत आणि प्रत्येकीत सोळा घरे. एकूण १९२ कुटुंबे. प्रत्येक इमारतीने आपापल्या वेळेला, नियमाप्रमाणे, काहीही बेकायदा न करता पुनर्विकास केला आणि प्रत्येकीत पंचेचाळीस घरे झाली, तर त्याच तीस फुटी रस्त्यावर ५४० कुटुंबे येतात. नव्या घरांच्या किमती ज्यांना परवडतात त्यांच्याकडे एक तरी गाडी असते, बहुधा दोन. बारापैकी एकाही परवानगीच्या फाइलमध्ये ५४० हा आकडा दिसणार नाही. प्रत्येक फाइल आपल्या भूखंडापुरती निर्दोष असते.

आणि ही बारा कामे एका वेळी होत नाहीत. एक संपते तोवर दुसरे सुरू होते, त्यामुळे गल्लीतल्या माणसाला पाडकामाचे ब्रेकर, पायलिंगची मशिने आणि टाइल कापण्याची कटरे दहा-पंधरा वर्षे ऐकावी लागतात. दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असल्याने काँक्रीटचे मिक्सर रात्री येतात, आणि एकदा ओतायला घेतलेला स्लॅब मध्येच सोडता येत नाही, त्यामुळे पंपाचा आवाज उशिरापर्यंत चालतो. कायदा याबाबतीत मुका नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. २०१० च्या दुरुस्तीने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालवायला आणि हॉर्न वाजवायलाही मनाई केली. २००५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या घरात शांतपणे राहण्याच्या इच्छेला जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने हवेच्या प्रदूषणासाठी बांधकामांवर मार्गदर्शक सूचना लावल्या, तेव्हा जागोजागी पंचवीस-पस्तीस फुटी पत्रे उभे राहिले, हिरवी कापडे लागली, पाण्याचे फवारे दिसू लागले. धूळ दिसते, म्हणून तिच्यावर काही तरी झाले. आवाज फोटोत येत नाही. रात्री साडेअकराला पोलिसांना फोन केला की मिक्सर दहा मिनिटे थांबतो, आणि पोलिसांची गाडी वळली की पुन्हा फिरू लागतो, हा अनुभव उपनगरात कोणाला नाही?

सणांच्या ध्वनिक्षेपकांचा मुद्दा इथे येणारच, म्हणून तो एका वाक्यात संपवतो: वर्षातले ठरावीक दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, ती सवलत गणपतीला जेवढी तेवढीच इतर कोणालाही असावी, आणि आपल्या देवाच्या मिरवणुकीतल्या डीजेला संस्कृती व दुसऱ्याच्या भोंग्याला प्रदूषण म्हणण्याची सवय मराठी माणसाने सोडावी. त्याहून जास्त त्यात चर्चा करण्यासारखे नाही. वर्षातल्या पंधरा दिवसांवर आपण जेवढे भांडतो त्याच्या एक दशांश जरी उरलेल्या साडेतीनशे दिवसांवर भांडलो असतो तर बरे झाले असते.

शांतता निसटते आहे हे रहिवाशांनाही जाणवते, पण त्यांनी शोधलेले उपाय मला चुकीचे वाटतात. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवायचे, ‘विक्रेत्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावायची, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट ठेवायची, बागेतल्या बाकावर बाहेरच्या कोणी बसू नये म्हणून वॉचमनला बजावायचे. हे सगळे शांततेच्या नावाखाली होते. ज्या भाजीवालीची हाक नकोशी झाली ती दिवसातून एकदा येत असे आणि तिला कोणाकडे कोणती पालेभाजी लागते हे ठाऊक असे. तिला फाटकाबाहेर ठेवल्यावर तीच कोथिंबीर आता दहा मिनिटांत घरपोच येते, आणि ती आणणाऱ्या मुलाला उशीर झाला तर त्याचे पैसे किंवा मानांकन जाण्याची भीती असल्यामुळे तो हॉर्न दाबतच वळण घेतो. त्यासाठी शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर कोठार उघडले जाते, तिथे रात्री उशिरापर्यंत टेम्पो माल उतरवतात आणि पंधरा-वीस दुचाकी फूटपाथवर उभ्या असतात. ती मुले वाईट नाहीत, त्यांना बसायला जागा नाही आणि पाणी प्यायला नळ नाही. एका हाकेच्या बदल्यात आपण किती आवाज विकत घेतला, याचा विचार पाटी लावणाऱ्या कमिटीने करायला हवा होता.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतले ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. अशा शहरात तीन मजली इमारतींची आणि आंब्याच्या झाडांची काळजी करणे ही खाऊन-पिऊन सुखी लोकांची चैन आहे, असे म्हणता येईल. घरे वाढली पाहिजेत आणि ती स्टेशनाजवळ वाढली पाहिजेत, हे मला मान्य आहे. पण पार्ल्यात किंवा चेंबूरमध्ये जी वाढीव घरे उभी राहतात त्यांच्या किमती कोटींत आहेत. झोपडपट्टीतला माणूस त्यांत येत नाही. ज्याच्याकडे आधीच घर आहे तो दुसरे घेतो, आणि नव्या टॉवरांतल्या कितीतरी खिडक्यांत दिवाळीतही दिवा लागत नाही. म्हणजे गल्लीची शांतता खर्ची पडते आणि घराची टंचाई जिथल्या तिथे राहते. दुसरे असे की आवाजाचा सर्वांत जास्त त्रास त्याच माणसाला होतो ज्याच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो. रुळांलगत, हायवेच्या पुलाखाली, धावपट्टीच्या भिंतीला टेकून ज्यांची घरे आहेत त्यांना ४५ डेसिबल ही मर्यादा कागदावर आपल्याइतकीच लागू आहे. आमच्याकडे फोन करणारा, नियम पाठ असणारा, इंग्रजीत अर्ज लिहिणारा एखादा निवृत्त अधिकारी असतो. त्यांच्याकडे तो नसतो. सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने शहरभर डेसिबल मोजून आणि न्यायालयात जाऊन जे साधले त्याचे महत्त्व इथे आहे. त्यांनी शांततेला पत्ता पाहून मिळणारी सोय राहू दिले नाही, मोजता येण्याजोगा हक्क केले.

मग करायचे काय? समूह पुनर्विकासाचा पर्याय नियमावलीत आहे. उपनगरांत त्यासाठी किमान ६,००० चौरस मीटर जागा लागते आणि निर्देशांक ४ मिळतो. त्यात एकत्र आखणी होते ही चांगली बाजू, पण आखणीचे बक्षीस म्हणून आणखी दाटी मिळते, आणि चार-पाच सोसायट्यांचे एकमत होईपर्यंत पहिल्या पिढीतले सभासद हयात राहत नाहीत. मला हवी आहे ती त्याहून साधी गोष्ट. १९१५ च्या कायद्यात जी कल्पना होती, आणि १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात जी आजही आहे, ती म्हणजे योजना एका भूखंडाची न करता एका भागाची करणे. प्रत्येक वॉर्डाने आपल्या हद्दीतल्या जुन्या निवासी गल्ल्यांचे नकाशे काढावेत आणि त्या गल्लीत रस्ता, पाणी व मलवाहिनी यांच्या जोरावर एकूण किती कुटुंबे मावतात तो आकडा जाहीर करावा. पहिल्या तीन इमारतींनी तो आकडा गाठला तर उरलेल्यांचे काय, हा प्रश्न मग आधीच सगळ्यांसमोर येईल आणि वाढीव हक्क गल्लीतल्या सोसायट्यांत वाटून घ्यावा लागेल. मोकळ्या जागेची कमतरता पैसे घेऊन माफ करणे बंद करावे. कुंपणालगत पोडियमविना उघड्या मातीचा पट्टा सक्तीचा करावा. एका गल्लीत एका वेळी किती पाडकामे चालतील याला मर्यादा घालावी, आणि प्रत्येक बांधकामाच्या जागी लोकांना दिसेल असा आवाजाचा मापक लावून त्याची नोंद वॉर्ड ऑफिसात जमा करायला लावावी.

हे अव्यवहार्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून पुढे आलेली एएलएमची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे गल्लीगल्लीतल्या रहिवासी समित्यांची) चळवळ आठवावी. कचरा वेगळा करण्यापासून रस्ता दुरुस्तीवर लक्ष ठेवण्यापर्यंत बरेच काही गल्लीच्या पातळीवर, महापालिकेच्या मदतीने, लोकांनी करून दाखवले. पुढे त्यातल्या कित्येक समित्या थंडावल्या, कारण त्यांच्या हाती सूचना करण्यापलीकडे अधिकार नव्हता. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कित्येक वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे गाऱ्हाणे घेऊन जायचे तरी कोणाकडे असा प्रश्न होता. पण लोकांनी नियोजनात लक्ष घातले तर काय होते याचा दाखलाही याच शहरात आहे. २०१५ साली विकास आराखड्याचा पहिला मसुदा आला, त्यात स्टेशनांजवळ ८ पर्यंत निर्देशांक सुचवलेला होता आणि नकाशांत असंख्य चुका होत्या. हरकतींचा एवढा पाऊस पडला की सरकारला तो मसुदा मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले.

सध्याचा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. त्याच्या पुढच्या आराखड्याचे काम त्याआधी कित्येक वर्षे, म्हणजे फार लवकर, सुरू होईल, आणि त्याची सुरुवात विद्यमान जमीनवापराच्या सर्वेक्षणाने होते. त्या सर्वेक्षणात इमारतीचा वापर, मैदान, शाळा, दवाखाना यांच्या नोंदी होतात. त्यांच्या जोडीला प्रत्येक निवासी गल्लीतली कुटुंबसंख्या, उघड्या मातीचे क्षेत्र, मोठ्या झाडांची जागा आणि दिवसा-रात्रीच्या आवाजाची पातळी नोंदवावी, अशी मागणी उपनगरांतल्या सोसायट्यांनी आणि रहिवासी संघांनी आतापासून लेखी करायला हवी. पुनर्विकासाच्या सभेत कार्पेटच्या टक्क्यांवर जो अर्धा तास जातो, त्यातली पाच मिनिटे या अर्जाच्या ठरावाला पुरतील.